शब्दचर्चा: घोडा दाबायचा की चाप?

पेटीवाला
मी बर्मिंगहॅमला राहतो आणि जुनी रिव्हॉल्वरं जमवतो. उडवण्यासाठी नव्हे, त्यांच्यावरच्या कोरीवकामासाठी. पुण्याला बाबांना संग्रहाची यादी मराठीतून पाठवायची आहे आणि दोन नगांपाशी गाडी अडली आहे. पहिला कोल्टचा १८५१चा 'नेव्ही' नमुना, लंडनच्या पिमलिको कारखान्यातला, महोगनीच्या पेटीत. दुसरं अ‍ॅडम्सचं, पाच बारांचं, अंगभर वेलबुट्टी, ओकच्या पेटीत. दोन्ही 'परकशन', म्हणजे आघाताने बार पेटणारी. याला 'आघाती रिव्हॉल्वर' लिहिलं तर बाबा विचारतील, तबल्याच्या साथीला घेता का? शिवाय ट्रिगरला एक कोश 'चाप' म्हणतो, दुसरा 'घोडा'. काय लिहू?

रानडुक्कर
आघाती वगैरे कशाला? आमच्या कोकणात शेतीच्या राखणीला अजून ठासणीच्या बंदुका आहेत. नळीच्या तोंडातून दारू, मग गोळी, वरून गजाने ठासायचं. मागे तांब्याची बारीक टोपी बसवायची, तिला आम्ही केप म्हणतो. तुमचं ते 'टोपीचं रिव्हॉल्वर'. दिवाळीतल्या टिकल्या उडवलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

जुनाट
टोपीला माझंही मत. मराठीत बंदुकीचं नाव ठिणगी कुठून येते त्यावरूनच पडत आलंय. जळती दोरी लावायची ती तोड्याची, गारगोटी घासायची ती चकमकीची. त्याच रांगेत टोपीची. 'ठासणीची' ही वेगळी गोष्ट, ती भरण्याची रीत. म्हणजे तोड्याची बंदूकही ठासणीची आणि टोपीचीही ठासणीचीच.

चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, पेटायची, मग कानातून, नळीच्या बारीक भोकातून, आग आत जायची. त्या भपक्याने पाखरं उडून जायची. याला वैतागलेल्या फॉर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्रीबुवांनी आदळल्यावर पेटणारी भुकटी वापरायची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. तांब्याची टोपी नंतरची. पाद्रीबुवांना शिकारीचा नाद नसता तर कोल्टसाहेबांचं काय झालं असतं कोण जाणे.

पेटीवाला
टोपी पक्की. आता घोडा.

जुनाट
इथे मात्र भांडायची तयारी आहे माझी. 'त्याने पिस्तुलाचा घोडा दाबला' हे वाक्य रहस्यकथांतून इतकं वाचलंय की ते खटकेनासं झालंय. पण घोडा म्हणजे वरचा, मागे ओढला की चढणारा आणि सुटला की आपटणारा भाग, हॅमर. बोटाने ओढायचा तो चाप. म्हणून तर 'घोडा चढवला' म्हणतात. चाप कोण चढवतो?

तुमच्या दोन नगांत तर हा फरक म्हणजेच सगळी कथा आहे. कोल्टमध्ये दर बाराला अंगठ्याने घोडा चढवायचा, मग चाप ओढायचा. रॉबर्ट अ‍ॅडम्सच्या १८५१च्या पेटंटात चाप ओढला की घोडा आपसूक चढतो आणि पडतो. त्या घोड्याला अंगठा टेकवायला शेंडीच नाही. पुढे १८५६ साली बोमाँट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या सुधारणेने दोन्ही सोयी एकत्र आल्या. दोन्ही भागांना 'घोडा' म्हटलंत तर बाबांना हे सांगणार कसं?

पोपट
जुनाटराव, एवढं कडक नको. बोलीत शब्द सरकतातच. फ्रेंच लोक तुमच्या घोड्याला, हॅमरला, कुत्रा म्हणतात, जर्मन कोंबडा. स्पॅनिशमध्ये चापालाच 'मांजराचं पिल्लू' म्हणतात. आपण सगळ्यांनी मिळून बंदुकीवर गोठा बांधलाय.

जुनाट
कथेत सरकू द्या हो. यादीत नको.

टाकी
मला 'कोरीव' शब्दाबद्दल बोलायचंय. कोल्ट नेव्हीच्या बार भरायच्या फिरत्या चकरीवर जहाजांची लढाई असते, टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारांची, १६ मे १८४३ची. मूळ चित्र ऑर्म्सबी या कोरक्याचं, पण ते चकरीवर रुळाच्या ठशाने दाबून उमटवलेलं. प्रत्येक नेव्हीवर तेच. त्याला कोरीव म्हणाल तर छापील साडीला पैठणी म्हणावं लागेल. 'ठशाची नक्षी' म्हणा. हाताने टाकी चालवून केलेली वेलबुट्टी तेवढी कोरीव. किंमतही तिचीच.

'उत्कीर्ण' मात्र नको. ते वाचलं की डोळ्यांसमोर ताम्रपट येतो. आणि मालकाचं नाव किंवा 'अमक्यास सप्रेम भेट' असेल तर सरळ 'नाव घातलेलं' लिहा. आपण लग्नातल्या भांड्यांवर घालतो तसं.

पेटीवाला
वा! आणि पेटी? 'मूळ पेटीसह' फार कोरडं वाटतं. आत किती काय काय आहे: दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, टोप्यांची डबी, पेचकस, तेलाची बाटली, साफसफाईचा गज.

पोपट
सरंजामी पेटी!

टाकी
त्याने वतनदारी आठवेल. 'सरंजामासह पेटी' चालेल. पण कप्प्यांचा उल्लेख हवाच. लाकडी पट्ट्यांचे सरळ कप्पे आणि वर हिरवं बनातीचं अस्तर ही विलायती पद्धत. फ्रेंच पेटीत प्रत्येक वस्तूच्या आकाराची खोबण असते, वस्तू तिथेच बसते. पहिलीला आजीच्या पानाच्या डब्यासारखी 'कप्प्यांची', दुसरीला 'खोबणीची' म्हणा. आणि बनातीवर हत्याराचा जुना दाब उमटलाय का ते बघा. दाब एका आकाराचा आणि रिव्हॉल्वर दुसऱ्या आकाराचं, अशा जुळवलेल्या जोड्या बाजारात पुष्कळ. त्यांना 'मूळ पेटी' म्हणू नका, 'जुनी पेटी' म्हणा.

रानडुक्कर
एक विचारू? टोपी बसते त्या बोंडाला काय लिहिणार? मी भाषांतराच्या अ‍ॅपला विचारलं तर त्याने 'स्तनाग्र' दिलं. बाबांना पाठवायचंय म्हणता म्हणून विचारतो.

पेटीवाला
बोंडच लिहितो! तर पहिल्या नगाची नोंद अशी: 'कोल्ट, १८५१ नेव्ही, लंडन. टोपीचं, सहाबारी. चकरीवर ठशाची नक्षी, बाकी कोरीवकाम नाही. घोडा अंगठ्याने चढवायचा. महोगनीची कप्प्यांची पेटी, सरंजामासह.'
'मूळ' लिहायचं थांबवलंय. रात्री बनात बघितली. दाबाची नळी माझ्या नळीपेक्षा बोटभर लांब आहे.