मुलाची दहावी हीच आमची मूर्ती झाली आहे का?

प्रश्न:
आमच्या घरात एकही मूर्ती नाही. तरीही मुलाच्या दहावीसाठी आम्ही चार महिने चर्चमधील रविवारची उपासना चुकवत आहोत आणि काल पाहिले, तर फ्रिजवरील बायबलच्या वचनाच्या कार्डावरच क्लासचे वेळापत्रक चिकटवलेले होते. याला मूर्तिपूजा म्हणावे का?

उत्तर १:
ताई, अभ्यास हे पाप नाही. परंतु प्रेषित पौलाने बायबलमधील कलस्सैकरांस पत्रात (३:५) लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे.

उत्तर २:
मला पितळेचा सर्प आठवतो. तो इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने देवाच्याच आज्ञेने केला होता (गणना २१) आणि त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेले लोक वाचले; पुढे मात्र इस्राएल लोक त्याच्यापुढेच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८:४). देवाने दिलेली वस्तूच देवाच्या जागी बसली होती, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. गुण कमी पडले तर आपली प्रार्थना थांबेल का, हे स्वतःला विचारून पाहा.

प्रश्नकर्ती:
थांबेल, अशीच भीती वाटते. येत्या रविवारी आम्ही तिघेही उपासनेला जाऊ. क्लासला आजच कळवते.