काजू प्रक्रिया केंद्रासाठी गुंतवणूकदारापुढे ठेवायचा आराखडा कसा लिहावा?

काजूवाली, वेंगुर्ले:
नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यात माझे आणि माझ्या जाऊबाईंचे काजू प्रक्रिया केंद्र आहे. भागीदारी संस्था म्हणून नोंदणी केलेली असून आम्ही गेली पाच वर्षे वर्षाला साधारण २० टन बी फोडतो. आता ६० टनांपर्यंत जाण्याचा विचार आहे. त्यासाठी ४० लाख रुपये उभे करायचे असून त्यांपैकी २८ लाख बॉयलर, कटिंग मशीन व ड्रायरसाठी आणि १२ लाख खेळत्या भांडवलासाठी धरले आहेत. मुंबईतील एका गुंतवणूकदारांना मी ४२ पानांचा आराखडा दिला होता. त्यात देशातील काजूची बाजारपेठ, निर्यातीच्या संधी आणि पाच वर्षांच्या नफ्याचे आलेख होते. त्यांनी तो चाळून परत केला आणि यात तुमचा धंदा कुठे दिसत नाही, असे सांगितले. आराखड्यात नेमके काय असावे? आमच्या गावच्या चाकरमान्यांच्या व्हॉट्सॲप गटावर आवाहन करण्याचाही विचार आहे.

निवृत्त कर्ज अधिकारी:
ताई, तुमच्या प्रश्नातच एक आकडा असा आहे की तो पाहून मीही आराखडा परत केला असता. तो आकडा म्हणजे खेळत्या भांडवलाचे १२ लाख.

काजू बी मार्च ते मे या तीन महिन्यांत येते आणि वर्षभर पुरेल इतकी खरेदी तेव्हाच करावी लागते. बीचा दर किलोला १३० रुपये धरू. तुमच्या तालुक्यातला यंदाचा दर तुम्ही घाला. ६० टनांचे ७८ लाख झाले. महिन्याला पाच टन बी फोडली आणि मेअखेरपर्यंत दोन महिन्यांचा माल विकला गेला, तर चार किलो बीला एक किलो गर या हिशेबाने अडीच टन गर विकला जाईल. सरासरी ७०० रुपये दराने त्याचे साडेसतरा लाख येतील आणि त्यातूनच मजुरी व पॅकिंगही भागवायचे आहे. म्हणजे मेअखेर ६० लाखांहून अधिक रक्कम गोदामात अडकलेली असणार. हे पैसे कुठून येणार, याचे उत्तर तुमच्या ४२ पानांत नसावे, असे वाटते.

बँकेकडून हा पैसा आपोआप मिळेल, असेही समजू नका. लहान उद्योगांच्या कर्जासाठी नेमलेल्या नायक समितीच्या सूत्राने अंदाजित उलाढालीच्या २० टक्के खेळते भांडवल मिळते. तुमची उलाढाल १ कोटी ५ लाख धरली तर ते २१ लाख होते. हे सूत्र तीन महिन्यांचे चक्र गृहीत धरते, तुमचे चक्र मात्र वर्षाचे आहे. म्हणून महिनावार रोकड प्रवाहाचा तक्ता करा आणि त्यावरून हंगामासाठी वेगळी मर्यादा मागा. गुंतवणूकदाराचा पैसा यंत्रांत कमी आणि या मर्यादेच्या मार्जिनमध्ये (बँकेच्या कर्जासोबत स्वतः घालायच्या हिश्श्यात) जास्त दाखवा. यंत्रांसाठी मुदत कर्ज अधिक स्वस्त पडते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतील ३५ टक्के, कमाल १० लाखांचे अनुदान धरणार असाल, तर ते पहिल्या वर्षाची रोकड म्हणून दाखवू नका. ते कर्जाशी जोडलेले असते आणि तीन वर्षांनंतर कर्जात समायोजित होते.

हा तक्ता आराखड्याच्या दुसऱ्याच पानावर असावा. बाजारपेठेला अर्धे पान पुरे.

बांदा परिसरातील कारखानदार:
वरील हिशेबात चार किलोला एक किलो हा उतारा सरधोपट धरला आहे, आणि आमच्या धंद्याचे सगळे मर्म त्या उताऱ्यातच असते. ६० टनांवर उतारा २५ वरून २४ टक्क्यांवर घसरला की ६०० किलो गर कमी मिळतो, म्हणजे ७०० रुपये दराने ४ लाख २० हजारांचा फटका बसतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या वाणांचा उतारा ३० टक्क्यांच्या आसपास असतो, तर मिश्र गावठी बीचा त्याहून कमी. तुम्ही पाच वर्षे फोडणी केली आहे, तेव्हा प्रत्येक खरेदीची बी किती, वाळवल्यावर वजन किती, अख्खा गर किती, पाकळी व तुकडा किती, हे वहीत असेलच. नसेल तर येत्या हंगामापासून लिहायला लागा. अख्ख्या गरातही डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० या आकारानुसारच्या प्रतींच्या दरात फरक पडतो. सरासरी दर कसा काढला, ते त्या प्रमाणावरून दाखवा. अशी वही समोर ठेवली की समोरचा माणूस तुमच्या अंदाजांवर विश्वास ठेवतो, असा माझा अनुभव आहे.

कंपनी सचिव, ठाणे:
व्हॉट्सॲप गटावरील आवाहनाचा विचार कृपया सोडून द्या. भागीदारी संस्थेला भाग (शेअर) देता येत नाहीत, त्यामुळे आधी खासगी मर्यादित कंपनी स्थापन करावी लागेल. त्यानंतरही २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ४२ नुसार भागांची जाहिरात करता येत नाही. ज्यांची नावे आधी नोंदवली आहेत अशांनाच प्रस्ताव देता येतो आणि त्यांची संख्या आर्थिक वर्षात २०० पेक्षा अधिक असू शकत नाही. पैसे स्वतंत्र बँक खात्यात घेऊन ६० दिवसांत भाग वाटप करावे लागते. आराखड्यांच्या जुन्या नमुन्यांत ‘एंजल टॅक्स’चे (वाजवी मूल्यापेक्षा जास्त दराने भाग दिल्यास त्या जादा रकमेवर कंपनीला लागणाऱ्या कराचे) प्रकरण असते, तो कर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला असल्याने ते वगळा.

काजूवाली, वेंगुर्ले:
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. वही आहे, परंतु त्यात पाकळी आणि तुकडा एकत्र लिहिले आहेत. यंदा ते वेगळे करू. रोकड प्रवाहाचा तक्ता रात्री करून पाहिला, तेव्हा जूनमध्ये आमच्या खात्यात पैसेच उरत नाहीत, हे प्रथमच लक्षात आले. एक शंका आहे. तीन वर्षांनी कंपनी आपले भाग परत विकत घेईल, असे आराखड्यात लिहिले तर चालेल का?

कंपनी सचिव, ठाणे:
तसे सरसकट आश्वासन देऊ नका. भागांची पुनर्खरेदी भरणा झालेले भांडवल व मुक्त राखीव निधी यांच्या एकूण २५ टक्क्यांपर्यंतच करता येते आणि सुरुवातीच्या वर्षांत तुमच्याकडे राखीव निधी फारसा नसेल. त्याऐवजी ते भाग तुम्ही आणि जाऊबाई व्यक्तिशः कोणत्या दराने घेऊ शकाल, हे भागधारक करारात ठरवा आणि आराखड्यात तेवढेच लिहा.