गार नूडल्स हे जेवण आहे का?

गारेगार:
मे महिन्यात गॅससमोर उभं राहून पोळ्या लाटायच्या म्हणजे शिक्षाच. म्हणून गेले दोन उन्हाळे दुपारी आमच्याकडे गार नूडल्स. जपानमध्ये हियाशी चुका म्हणून असतात, त्याचं हे माझं शाकाहारी रूप. गव्हाच्या बारीक नूडल्स शिजवायच्या, चाळणीत ओतून नळाखाली हाताने चोळून धुवायच्या (रुमाल खळबळतो तशा, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत), शेवटी बर्फाचं पाणी. वर काकडी, गाजर, कोबी, काडेपेटीच्या काड्यांसारखं चिरून. सॉसला 2 चमचे सोया सॉस, 2 चमचे व्हिनेगर, 1 चमचा साखर, 1 चमचा तिळाचं तेल. वीस मिनिटांत पोटभर जेवण. सासूबाई म्हणतात, 'गार झालेलं अन्न ते शिळंच.' तुम्ही बोला.

फोडणीवाली:
असहमत. वीस मिनिटं कोणाची? काल करून बघितलं. नुसतं चिरण्यात अर्धा तास गेला, तेवढ्यात माझा वरणभाताचा कुकर होऊन वाफही जिरते. बरं, सॉस वाटीत चाखला तेव्हा फक्कड होता, नूडल्सवर ओतला तर पाणचट.

गारेगार:
नूडल्स नीट निथळल्या होत्या का? काकडीला मीठ लावून पिळलीत? कोशिंबिरीला करतो तेच. शिवाय गार पदार्थाची चव मंदच लागते. आइस्क्रीम वितळलं की कसं जास्त गोड लागतं! त्यामुळे वाटीतला सॉस चाखताना थोडा खारट-आंबट झालाय असं वाटलं की समजायचं, बरोबर जमला.

तोक्योवासी:
इथे उन्हाळा लागला की छोट्या हॉटेलांबाहेर 'हियाशी चुका सुरू झालं' अशा पाट्या लागतात. शिळं कोणी म्हणत नाही. पण 'पोटभर'ला माझा विरोध. मूळ वाडग्यात अंड्याच्या पातळ पोळीच्या पट्ट्या असतात, हॅम असतं. ते काढून नुसती काकडी-गाजरं ठेवलीत तर चार वाजता फरसाणाचा डबा उघडणारच. निदान वाफवलेले मूग तरी घाला. आणि तेल भाजक्या तिळाचं हवं, आपल्या कच्च्या तिळाच्या तेलाला तो वास नाही.

जाता जाता: सोबा या जपानी नूडल्स कुट्टूच्या (उपासाला चालणाऱ्या पिठाच्या) असतात हे ऐकून आमच्या आईने एकादशीला मागवल्या होत्या. बहुतेक सोबात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. पाकीट वाचा.

सोऱ्या:
एवढं नवल कसलं? आमच्या कोकणात शिरवाळ्या आहेतच की. तांदळाच्या पिठाचे गोळे उकडायचे, गरम असतानाच साच्यातून दाबायचे (त्याला घरातला धट्टाकट्टा माणूस लागतो), आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. आम्हाला त्या निवलेल्याच आवडतात. फक्त एक, फ्रीज नको. तांदळाच्या शेवया फ्रीजमध्ये राहिल्या की सुतळीसारख्या ताठ होतात. गार करायचं ते पाण्याने, आणि लगेच खायचं.

गारेगार:
फ्रीजबद्दल एकदम मान्य. डब्याला नेऊन एकदा पस्तावले आहे, अख्खा गोळा काट्याला लटकून बाहेर आला. मुगाचंही पटलं, भाजके शेंगदाणेही घालीन.

फोडणीवाली:
आज परत केल्या. काकडी पिळली, सॉस तिखट केला, दाण्याचं कूट घातलं आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. आमच्या ह्यांनी दोनदा मागून घेतल्या.

गारेगार:
अहो, फोडणी आणि कूट घातलंत म्हणजे ती कोशिंबीर झाली!

फोडणीवाली:
चालेल की. ताटात डावीकडे वाढीन. उजवीकडे आमटी-भात आहेच.