मेटॅलिक सिलुएटसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल कोणती घ्यावी?

निपाणीकर

नमस्कार. मी निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. घरी ऊस आणि थोडी तंबाखू आहे. आजोबांच्या काळात पीकसंरक्षणासाठी घेतलेली बारा बोरची बंदूक घरात आहे आणि वडिलांच्या पश्चात तिचा परवाना माझ्या नावावर झाला आहे. गेली चार वर्षे मी कोल्हापुरात दहा मीटर एअर रायफलचा सराव करतो. माझे वय ४१ आहे, त्यामुळे पदकाचा विचार मनात नाही. पण उभे राहून, कशाचाही टेकू न घेता नेम धरण्यात जे समाधान मिळते, त्याची मला खरोखर ओढ लागली आहे.

त्या ओढीतूनच मेटॅलिक सिलुएट या प्रकाराकडे वळलो. पोलादी पत्र्यातून कापलेली कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा अशी चार आकृत्यांची रांग वाढत्या अंतरावर मांडलेली असते आणि गोळी लागून आकृती आडवी झाली तरच गुण मिळतो, एवढे मला समजले आहे. त्यातही लिव्हर-अ‍ॅक्शन, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी पुढे-मागे करून काडतूस भरण्याच्या रायफलची वेगळी स्पर्धा असते, असे वाचले.

आता अडचण सांगतो. एका परवानाधारक विक्रेत्याकडे दोन जुन्या रायफली विक्रीला आहेत: एक .४४-४० ची विंचेस्टर १८९२ आणि दुसरी .२२ ची मार्लिन ३९ए. याशिवाय संकेश्वरच्या एका परिचितांना आपल्याकडील .३०-३० विंचेस्टर १८९४ काढून टाकायची आहे. तिन्हींची किंमत मला झेपण्यासारखी आहे, मात्र घेता येईल ती एकच. मन विंचेस्टरकडे ओढते. .२२ म्हणजे पोरखेळ, असे दोघा-तिघांनी सांगितल्यामुळे मी अधिकच गोंधळलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टिळकवाडी_बेळगाव

तुमचा प्रश्न रायफलचा असला तरी विचार काडतुसापासून सुरू करावा लागतो. मी नोकरीनिमित्त नऊ वर्षे अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात होतो आणि तिथे रविवारी सकाळी हा खेळ खेळत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा खेळ मूळचा मेक्सिकोचा. तिथे पूर्वी जिवंत प्राणी बांधून नेमबाजीची चढाओढ होत असे. १९४८ साली मेक्सिको सिटीत पहिल्यांदा पोलादी आकृत्या वापरून स्पर्धा झाली आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. १९६७ मध्ये तो सीमा ओलांडून अ‍ॅरिझोनातील नोगालेस गावात आला. मूळच्या मोठ्या रायफलीच्या प्रकारात कोंबडी २०० मीटरवर, रानडुक्कर ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढा ५०० मीटरवर उभा असतो. लिव्हर-अ‍ॅक्शनच्या प्रकारात हीच रांग ५०, १००, १५० आणि २०० मीटरवर येते. स्मॉलबोर म्हणजे .२२ च्या खेळात आकृत्या मूळच्या एक पंचमांश असतात आणि अंतरेही ४०, ६०, ७७ व १०० मीटर अशी बरोबर एक पंचमांश असतात. म्हणजे उभ्या नेमबाजाच्या डोळ्याला १०० मीटरवरचा छोटा मेंढा आणि ५०० मीटरवरचा पूर्ण मेंढा सारखाच दिसतो. .२२ ला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी तो मेंढा एकदा उभ्याने पाडून पाहावा.

आता तुमच्या तीन रायफली. .३०-३० ही या खेळाची अगदी योग्य रायफल आहे, यात शंका नाही. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या १८९४ च्या विंचेस्टरमध्ये हे काडतूस १८९५ पासून मिळू लागले. त्याचा धक्का सोसवण्याजोगा असतो, त्यामुळे चाळीस गोळ्यांच्या फेरीनंतरही खांदा दुखत नाही, आणि २०० मीटरवरचा जड मेंढा ढकलून पाडण्याइतका जोर त्याच्यात असतो. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण मोठ्या रायफलीच्या खेळातला पूर्ण आकाराचा मेंढा सुमारे २५ किलोचा असतो आणि गोळी नुसती टणकन वाजली पण मेंढा उभाच राहिला, तर तो नेम चुकलाच असे धरतात.

.४४-४० चे काडतूस १८७३ चे आहे. मोठी, सावकाश जाणारी गोळी असल्यामुळे तिचा मार्ग फार वाकतो. १०० मीटरवर नेम बसवला, तर २०० मीटरपर्यंत ती सुमारे तीन फूट खाली उतरते. पिस्तुलाच्या काडतुसावर चालणाऱ्या लिव्हर रायफलींसाठी तिकडे १०० मीटरपर्यंतचा वेगळा प्रकार असतो आणि तिथे ही रायफल शोभते. मात्र जुन्या विंचेस्टर घेताना नळी आतून उजेडात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काळ्या दारूच्या आणि जुन्या गंजकारक टोप्यांच्या (दारू पेटवणाऱ्या भागाच्या) काडतुसांनी कित्येक नळ्या आतून खाल्लेल्या असतात, शिवाय .४४-४० च्या नळ्यांचा खाचेतला व्यास ०.४२७ पासून ०.४३० इंचापर्यंत वेगवेगळा आढळतो, त्यामुळे एका रायफलीत नेमकी बसणारी गोळी दुसरीत ढिली पडते.

या दोन्हींबाबत खरी अडचण गोळ्यांची आहे. आपल्याकडे .२२, .३२, .३१५ आणि बारा बोर यांची काडतुसे सरकारी कारखान्यांत तयार होतात; .३०-३० आणि .४४-४० यांची होत नाहीत. जुन्या साठ्यातून पाच-दहा काडतुसे मिळाली, तर ती जपून कपाटात ठेवावीत एवढीच त्यांची संख्या असते. तिकडचे नेमबाज घरी काडतुसे भरून हा प्रश्न सोडवतात; १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही, म्हणून तो मार्ग मनातही आणू नये. उभ्याने नेम धरण्याची कला गोळ्यांच्या संख्येवर वाढते. महिन्याला दोन गोळ्या झाडणाऱ्या विंचेस्टरपेक्षा दर आठवड्याला पन्नास गोळ्या झाडणारी मार्लिन तुम्हाला नेमबाज बनवील.

मार्लिन ३९ए विषयी मला विशेष आपुलकी आहे, हे मान्य करतो. तिची मूळ रचना १८९१ सालची आहे. एक मोठा स्क्रू सैल केला की रायफलीचे दोन भाग होतात, त्यामुळे नळी मागच्या बाजूने साफ करता येते. पुढून सळई घालून नळीच्या तोंडाची कड झिजवण्याची वेळ येत नाही. रिकामे काडतूस बाजूने बाहेर पडते, वजन तीन किलोच्या आसपास असते आणि लांब नळीमुळे तोंडाकडचा भार थोडा जास्त राहतो, जो उभ्या नेमाला स्थिरता देतो.

माजी_सुभेदार_येळ्ळूर

राम राम. टिळकवाडीकरांनी काडतुसाचे सांगितले ते पटले. मी सैन्यात बोल्ट आणि सेमी-ऑटो रायफली वापरल्या, लिव्हरची रायफल एका जुन्या अधिकाऱ्यांच्या संग्रहातली हाताळली. त्या अनुभवातून दोनच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे उभी स्थिती. सिलुएटमध्ये पट्ट्याचा आधार चालत नाही आणि जाड, ताठ नेमबाजी कोटही चालत नाही. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले तेव्हा त्यांच्या अंगावरचा ताठ कोट आपण सर्वांनी पाहिला. त्या खेळाच्या नियमात तो बसतो, या खेळाच्या नाही. म्हणून निपाणीकरांनी दहा मीटरला कोट घालून जी स्थिरता कमावली आहे, तिच्यातला काही भाग इथे गळून पडेल, याची मनाची तयारी ठेवावी. कोट काढून, साध्या सदऱ्यात, रोज संध्याकाळी वीस मिनिटे रिकामी रायफल धरून भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम ठेवण्याचा सराव करावा. .२२ रायफलीत मात्र नळीच्या मागच्या कडेवर फायरिंग पिन आदळून ती चेपते, म्हणून खोटे काडतूस घातल्याशिवाय ट्रिगर दाबू नये.

दुसरी गोष्ट लिव्हरची. पाच आकृत्यांसाठी दोन-अडीच मिनिटेच मिळतात आणि त्या डावीकडून उजवीकडे क्रमानेच पाडाव्या लागतात. क्रम चुकून दुसरी आकृती पडली तरी गुण जातो. नवखा माणूस घाईने लिव्हर अर्धवट ओढतो, काडतूस अडकते, आणि मग तो अडकलेल्या काडतुसाशी झगडत उरलेला वेळ घालवतो. लिव्हर शेवटपर्यंत पुढे आणि शेवटपर्यंत मागे, एका दमात ओढावी. दस्ता खांद्यावरून न काढता हे जमले पाहिजे. रायफल घेण्यापूर्वी विक्रेत्याकडेच रिकाम्या रायफलीवर पन्नास वेळा हे करून बघा आणि डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. साइट (नेम धरण्याची खूण) आपोआप डोळ्यासमोर आली तर दस्ता तुमच्या बांध्याचा आहे. जुन्या विंचेस्टरचा दस्ता खाली झुकलेला असतो, उंच मानेच्या माणसाला तो बरा बसतो आणि बाकीच्यांना हनुवटी उचलावी लागते.

चिकोडी_परवानाधारक

कागदपत्रांविषयी लिहितो, कारण रायफल ठरली तरी इथे अनेकांचे पाऊल अडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. तुमच्याकडे बारा बोर आहेच, त्यामुळे ही रायफल तुमचे दुसरे आणि शेवटचे शस्त्र ठरेल, हे लक्षात घेऊनच निवड करावी. पीकसंरक्षणाचा परवाना असला म्हणून त्यावर खेळाची रायफल आपोआप नोंदवली जात नाही. परवान्याचा हेतू, शस्त्राचा बोर आणि वर्षाला किती काडतुसे, या तिन्ही गोष्टी कागदावर स्पष्ट असाव्या लागतात. क्लबचे सदस्यत्व आणि सरावाच्या नोंदी अर्जाला जोडल्या, तर काडतुसांची मर्यादा वाढवून मागण्यास आधार मिळतो. बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे, आपण ग्रामीण भागातले लोक जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करतो. नमुने कन्नडमध्ये असतात; माझ्या अर्जात बोरच्या रकान्यात चूक झाली होती आणि ती दुरुस्त होण्यास पाच महिने गेले, म्हणून जाणकाराकडून एकदा वाचून घ्यावे.

आणखी एक विनंती. कोणतीही परवान्याची रायफल उसाच्या फडात किंवा खानापूर-जांबोटीकडच्या रानात सरावासाठी नेऊ नये. त्या भागात भीमगड अभयारण्य आहे आणि रानडुकराच्या आकाराच्या पोलादी पत्र्यावर झाडलेली गोळी असली, तरी ती ऐकणाऱ्याला शिकारच वाटते. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करावा.

निपाणीकर

तिघांचेही मनापासून आभार. काल विक्रेत्याकडे जाऊन आलो. १८९२ ची नळी उजेडात धरली तेव्हा आत तोंडापासून चार बोटांवर काळी खडबडीत कडी स्पष्ट दिसली, त्यामुळे ती बाजूला पडली. सुभेदारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे मार्लिनवर डोळे मिटून पाहिले. साइट पहिल्याच वेळी समोर आली. संकेश्वरच्या परिचितांना फोन केला, त्यांच्याकडे .३०-३० ची एकूण अकरा काडतुसे आहेत. आता मार्लिनसाठीच अर्ज करणार आहे.

दोन शंका उरल्या. परवान्यात नोंद होईपर्यंत काही महिने जातील, तोवर सराव कसा करावा? आणि मार्लिनवर असलेली साधी व्ही-आकाराची मागची साइट पुरेशी आहे का?

टिळकवाडी_बेळगाव

व्ही साइट सुरुवातीला चालेल, पण चाळिशीनंतर डोळ्याला मागची साइट, पुढची साइट आणि आकृती अशा तीन अंतरांवर एकाच वेळी लक्ष ठेवणे कठीण जाते. पीप साइट, म्हणजे बारीक गोल छिद्राची मागची साइट, लावली की मागची साइट विसरता येते, कारण गोल छिद्रातून पाहताना डोळा स्वतःच पुढच्या साइटचे टोक मध्यभागी आणतो. विक्रेत्याकडे पुन्हा जाल तेव्हा रिसीव्हरवर (यंत्रणा असलेल्या मधल्या भागावर) किंवा मागच्या पट्टीवर पीप साइट बसवण्यासाठी मूळची छिद्रे आहेत का ते पाहा. नसतील, तर जुन्या रायफलीला कोणाकडून नवीन छिद्रे पाडून घेऊ नका. पीप साइटवर खालीवर करण्याचे माप असते. .२२ ची साधी गोळी ५० मीटरवर बसवली तर १०० मीटरवर सुमारे एक वीत खाली जाते, म्हणून चारही आकृत्यांची मापे एका कागदावर लिहून दस्त्याला चिकटवावीत. टर्कीसाठी वेगळी काळजी घ्यावी. तिचे धड अरुंद आणि पाय काडीसारखे असल्यामुळे मेंढ्यापेक्षाही तीच जास्त गुण खाते.

मधल्या महिन्यांसाठी तुमची एअर रायफल उपयोगी पडेल. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि एअर रायफल सिलुएटचे नियमही ठरलेले आहेत: आकृत्या मूळच्या एक दशांश आणि अंतरे २०, ३०, ३६ व ४५ यार्ड, म्हणजे साधारण १८, २७, ३३ आणि ४१ मीटर. उद्यमबागेतल्या कोणत्याही फॅब्रिकेटरकडे जाड पत्र्यातून वीस आकृत्या कापून मिळतील. कडा घासून घ्याव्यात, तळाला सपाट पाय जोडावा आणि शिशाचे पेलेटच वापरावेत, कारण गोल पोलादी छर्रे पत्र्यावरून थेट तोंडाकडे परत येतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. मागे मातीचा उंच बांध असलेली जागा शोधा, फडातून कोणी येत नाही याची खात्री करा आणि सुरुवातीला नुसत्या पाच कोंबड्या मांडा. अठरा मीटरवरून कोटाशिवाय त्या पाचही पडू लागल्या, की मगच डुकराकडे सरका.