मार्चअखेर अन्नपूर्णा बेस कॅम्प: कळसूबाईची तयारी पुरेल का?

नाशिकरोडकर
नमस्कार मंडळी. मुलीची बारावी संपली की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही बापलेक नेपाळला अन्नपूर्णा बेस कॅम्प (एबीसी) करायचं म्हणतोय. वय 47 आणि 17. दर रविवारी अंजनेरी नाहीतर कळसूबाई होतं. एजंटच्या कार्यक्रमात छोमरोंग, बांबू, हिमालय आणि चौथ्या दिवशी थेट एबीसी असं आहे. बर्फात कधीच चाललेलो नाही. तयारी पुरेल का? सामानात काय घेऊ?

गिरिजा_गंगापूररोड
दादा, पायांची तयारी चांगली आहे, पण विरळ हवेला पाय किती तयार आहेत याच्याशी देणंघेणं नसतं. कळसूबाई 1646 मीटर, एबीसी 4130. सह्याद्रीत कितीही चढलात तरी त्या उंचीची सवय होत नाही. उलट दमसास चांगला असलेली माणसं भराभर वर जातात आणि तिथेच फसतात.

3000 मीटरच्या वर गेलं की आजच्या मुक्कामापेक्षा उद्याचा मुक्काम 500 मीटरहून जास्त उंच नको. तुमच्या कार्यक्रमात ‘हिमालय’ हा मुक्काम 2900 वर आहे, तिथून एबीसी म्हणजे एका दिवसात 1200 मीटर. हे बदलून घ्याच. छोमरोंगनंतर डोवान (2600), देउराली (3200), माछापुच्छ्रे बेस कॅम्प (3700) आणि मग एबीसी, असे मुक्काम धरा. एक दिवस वाढेल, वाढू द्या.

डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ किंवा जेवण नकोसं झालंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. कमी झालं नाही तर खाली उतरायचं. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालता येत नसतील, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच खाली निघायचं. मुलीला आधीच बजावून ठेवा: दुखलं तर लपवायचं नाही. या वयात मुलं हमखास लपवतात.

डायमॉक्स (विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) घ्यायची तर नेहमीचा डोस 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंची गाठायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नाशिकमध्येच दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते; तिकडे पहिल्यांदाच झालं तर माणूस घाबरतो.

उत्तरवाट
गिरिजाताईंशी सहमत. मला जास्त काळजी हिमालय ते माछापुच्छ्रे बेस कॅम्प या टप्प्याची वाटते. देउरालीच्या अलीकडच्या हिंकू गुहेच्या आसपास हिउंचुली शिखराच्या उतारांवरून हिमलोट येतात, आणि ते उतार वाटेवरून दिसतही नाहीत. खाली स्वच्छ ऊन असतं, वरून बर्फ सुटतो. जानेवारी 2020 मध्ये याच भागात कोरियन ट्रेकर आणि नेपाळी गाइड गाडले गेले. ऊन चढलं की बर्फ सैल होतो, म्हणून पहाटे निघून सकाळी नऊच्या आत हा पट्टा मागे टाका, मध्ये फोटोला थांबू नका.

बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक (बारीक लोखंडी दातांच्या साखळ्या) घ्या. क्रॅम्पॉनची (लांब दातांचे, कडक बर्फासाठीचे) इथे गरज नाही. ओला बर्फ दातांखाली गोळा होतो, मग दात रुततच नाहीत. दर थोड्या वेळाने काठीने बूट ठोकून तो गोळा पाडा. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर उतारावर अंगठ्याची नखं काळी पडतात. निफाडला पारा पाचवर आला की जे स्वेटर निघतात, ते इथे पुरणार नाहीत. अंगाला लागून सुती बनियन, मोजे, जीन्स काहीच नको, घाम धरून ठेवतात. आत लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस, मुक्कामी डाउन (पिसं भरलेलं) जॅकेट, सगळ्यात बाहेर वारा-पाणी अडवणारं. गॉगल यूव्ही 400चा, बाजूनेही झाकणारा.

पायवाट_घोटी
थोडी भर. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, बाटली सरळ असेल तर झाकणच गोठतं. पॉवरबँक रात्री स्लीपिंग बॅगेत. विम्यात हेलिकॉप्टरने सुटका आणि 5000 मीटरपर्यंतचा ट्रेक, दोन्ही लिहिलेलं हवं. विमानाने जाणार असाल तर तुमचं मतदार ओळखपत्र चालेल, आधार नाही. मुलीचा पासपोर्ट आत्ताच काढून घ्या. अन्नपूर्णा परमिट आपल्याला सार्क दराने 1000 नेपाळी रुपये, म्हणजे आपले 625.

सरावात चढापेक्षा उतार जास्त करा. छोमरोंगच्या दगडी पायऱ्या जाताना आधी नदीपर्यंत उतरवतात, आणि परतताना थकलेल्या पायांनी त्याच चढाव्या लागतात.

नाशिकरोडकर
मनापासून आभार. मुक्काम बदलून घेतो. देउरालीला पोहोचल्यावर जोराचा बर्फ पडला तर?

उत्तरवाट
तिथेच थांबायचं. पडणं थांबल्यावरही एक-दोन दिवस उतारांवरचा बर्फ बसू द्यायचा. लॉजवाल्यांना विचारा, धोका असेल तेव्हा ते मोदी खोला नदीच्या पलीकडच्या काठाने वळवतात. हाताशी दोन जादा दिवस ठेवा आणि परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा. तारीख जवळ आली की लोक नको तेव्हा निघतात.