‘गोव्यात आहेच की!’ : समान नागरी कायद्यात मुलीच्या वाट्याचं काय?

(मांडवीकाठ, सातबारा आणि कलम_पंचवीस या नावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

मांडवीकाठ
समान नागरी कायद्याचा विषय निघाला की ‘गोव्यात आहेच की’ हे वाक्य येतंच. पण गोव्याच्या कायद्यातला जीव कशात आहे ते कुणी सांगत नाही. तो १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतून आलेल्या दोन तरतुदींत आहे. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, आधीची आणि वारशाने आलेलीसुद्धा. आणि मुलंबाळं असतील तर मृत्युपत्राने फक्त अर्धी मालमत्ता हव्या त्या माणसाला देता येते. उरलेली अर्धी मुलामुलींची, सारख्या वाट्याने. तिला ‘लेजितिमा’ म्हणतात.

२७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या उत्तराखंडच्या कायद्याने यातलं काहीही घेतलं नाही. तिथे मृत्युपत्राला मर्यादाच नाही. बापाने एका कागदावर सगळं मुलाच्या नावे केलं की मुलीचा समान वाटा संपला. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. तोही अडसर तिथे गेला. मग मुलीच्या हाती काय लागलं?

सातबारा
बरंच लागलं. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर मुस्लिम मुलीला भावाच्या निम्मा वाटा मिळायचा, आता बरोबरीचा मिळतो. हिंदू बाईचंही पाहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार निपुत्रिक विधवेची स्वकष्टाची कमाईसुद्धा तिच्या आईवडिलांआधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. उत्तराखंडने पुरुष आणि बाई दोघांना एकच वारसाक्रम दिला. हे लहान काम नाही.

लेजितिमा गोव्याबाहेर न्यायची म्हटलं, तर गोव्यातली घरं बघा. दोन पिढ्यांच्या वारशाची वाटणी झाली नाही की एका घराला वीस-पंचवीस मालक होतात, आणि विकताना प्रत्येकाची त्याच्या जोडीदारासह सही लागते. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या, उताऱ्यावर अनेकदा एकट्या नवऱ्याचं नाव असतं. तेवढ्यावर विसंबून खरेदीखत केलं की पुढे बायकोचा अर्धा हिस्सा दावा होऊन समोर उभा राहतो.

मांडवीकाठ
त्यावर उपाय त्याच कायद्यात आहे. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारशाच्या वाटणीचा, दावा लावायचा, सगळ्या मालमत्तेची यादी द्यायची, मग वारसांमध्येच बोली लागते. जास्त बोली लावणारा घर घेतो, बाकीच्यांना पैसे. घराचे तुकडे होत नाहीत. २०१२ च्या गोवा वारसा कायद्यातही ही रीत कायम ठेवली आहे. रखडतं ते लोक वर्षानुवर्षं इन्व्हेंटरी लावतच नाहीत म्हणून. तो दोष लेजितिमाचा नाही.

सातबारा
पण बाप गेल्यावर बहिणीला नोटरीसमोर नेऊन हक्क सोडल्याचा लेख गोव्यातही करून घेतात, जसं आपल्याकडे हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्क दिला, तरी तलाठ्याकडे वारसनोंद होताच हक्कसोडपत्र पुढे येतं. सक्तीचा वाटा दिला म्हणून तो घरात टिकतो असं नाही.

मांडवीकाठ
हे मान्य. पण सही मागायला बहिणीच्या दारी यावं लागतं, तिच्याकडे नाही म्हणायची जागा उरते. मृत्युपत्राने डावललं तर तिला कुणी विचारतही नाही. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

कलम_पंचवीस
तुम्ही दोघंही ‘समान’ हा शब्द तपासल्याशिवाय पुढे गेलात. गोव्यात १८८० चा हिंदूंच्या रूढींचा हुकूमनामा आजही पुस्तकात आहे. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही, तर हिंदू पुरुषाला अटींवर दुसऱ्या लग्नाची वाट त्यात ठेवलेली आहे. आज ती कुणी वापरत नाही, पण मग रद्द का करत नाहीत? उत्तराखंडने अनुसूचित जमाती पूर्ण वगळल्या. त्यांच्या रूढींचा मान राखायचा, तर इतरांच्या का नाही, याचं उत्तर कायद्यात कुठेही नाही.

शिवाय लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनी महिन्याभरात नोंद केली नाही, तर उत्तराखंडच्या मूळ कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. वय २१ च्या आत असेल तर आईबापांना कळवणार. आंतरधर्मीय जोडप्याला नेमकी घरच्यांचीच भीती असते! हा वारशाचा नाही, पाळतीचा कायदा झाला.

२३ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत आंबेडकरांनी सुचवलं होतं की, जे स्वतःहून तयारी दाखवतील त्यांनाच हा कायदा सुरुवातीला लागू करता येईल. ती वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आहेच. त्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीस काढा. सूचना फलकावर नावपत्ता लागला की जोडप्याच्या घरी निरोप पोचतो.

सातबारा
नोटीस काढायला माझाही पाठिंबा. पण ऐच्छिक कायदा निवडायला दोघं लागतात. ज्या मुलीचं लग्न घरचे ठरवतात, तिला तो अर्ज भरू कोण देणार?

कलम_पंचवीस
मग लग्नाची नोंद सगळ्यांना सक्तीची करा, आणि त्याच अर्जात मालमत्ता सामाईक की वेगळी हा रकाना ठेवा. रकाना कोरा राहिला तर सामाईक धरायची. गोव्यातून घ्यायचं तर हे घ्या. धर्म कुठला हे विचारायचीही गरज पडत नाही.