मराठी पानावर जुनेच दर दिसतात, इंग्रजीवर नवे. काय करावं?

सुपारीबाग
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. साइट वर्डप्रेसवर, इंग्रजी आणि मराठी, दोन भाषांसाठी पॉलीलँग हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) लावलेलं. भाच्याने करून दिली होती, तो आता जहाजावर असतो आणि त्याचा फोन लागत नाही.
१५ दिवसांपूर्वी खोलीचा दर १,८०० वरून २,२०० केला. दोन्ही भाषांत बदलला. इंग्रजी लगेच बदललं. मराठीत मला नवा दिसतो, पाहुण्यांना जुना. परवा डोंबिवलीचं एक कुटुंब मोबाइल पुढे धरूनच गाडीतून उतरलं. सासूबाई म्हणाल्या, घे १,८०० च, दारातून परत लावू नकोस.
दुसरं म्हणजे बुकिंगच्या बटणावरचं 'आरक्षित करा' काढून 'खोली राखून ठेवा' करायचंय. ते तर मलाही जुनंच दिसतं.
दिवाळीच्या बुकिंगआधी व्हायला हवं. खर्च १,५०० च्या वर नको.

पाच_भाषा_पक्या
डोळे मिटून पॉलीलँगऐवजी डब्ल्यूपीएमएल घ्या. आमच्या मसाल्यांची साइट पाच भाषांत आहे. मूळ पान बदललं की भाषांतराच्या चिन्हाजागी गोल बाण येतात, म्हणजे कुठलं शिळं झालं ते कळतं. दरवर्षी पैसे भरावे लागतात, पण धंदा करायचा तर हात आखडून चालत नाही.

अण्णा_निवृत्त
सोपं आहे. कंट्रोल धरून एफ५ दाबा. बँकेत ३१ वर्षं होतो, निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटायच्या. उरलेल्या प्रिंटरच्या.

सुपारीबाग
अण्णा, माझ्याकडे बरोबरच दिसतंय हो. पाहुण्यांना एफ५ कुठे दाबायला सांगू?

खेकडा_रस्सा
साइट आणि पाहुण्यांच्या मध्ये क्लाउडफ्लेअरची सेवा असेल. तेच जुनं पान धरून ठेवतं.

वायरमन
नाही. क्लाउडफ्लेअर मुळात चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट असल्या फाइली साठवतं. मजकुराचं एचटीएमएल पान साठवायचं तर मुद्दाम नियम लावावा लागतो. आणि गुहागरच्या चार खोल्यांना हे कोण लावून बसलंय?

खेकडा_रस्सा
भाच्याने लावलंही असेल! आजकालची पोरं सगळं लावतात.

वायरमन
बरं. ताई, तुम्ही लॉगइन करून बघताय, तिथेच घोळ आहे. कॅशेचं, म्हणजे तयार पानं साठवून ठेवणारं, प्लगइन सहसा लॉगइन केलेल्या माणसाला ताजं पान देतं आणि बाहेरच्याला साठवलेलं. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून बघा. जुना दर दिसला तर पत्त्याच्या शेवटी ?क=१ असं काहीही जोडून परत उघडा. नवा दिसला तर साठवलेलं पान शिळं आहे, भाषांतर ठीक आहे.
दर नेमका कुठे लिहिलाय, मुखपृष्ठावर की खोल्यांच्या पानावर?

सुपारीबाग
खोल्यांच्या नोंदीत लिहिलाय, मुखपृष्ठावर आपोआप येतो. खाजगी खिडकीत खोल्यांच्या पानावर २,२००, मराठी मुखपृष्ठावर १,८००. ते ?क=१ जोडलं तर २,२००!

वायरमन
सापडलं मग. नोंद बदलली की प्लगइन त्या नोंदीचं पान आणि मुखपृष्ठ पुसतं. पण काही प्लगइनांच्या लेखी मुखपृष्ठ म्हणजे मूळ भाषेचं. मराठीचं वेगळ्या पत्त्यावर असतं, ते तसंच राहतं. दर बदलला की 'सगळी कॅशे पुसा' दाबायचं. खर्च शून्य.

शुद्धलेखन_पोलीस
अवांतर: 'राखून ठेवा' कशाला? 'आरक्षित करा' शुद्ध आहे.

कोकणकडा
शुद्ध आहे, पण एसटीच्या खिडकीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. ताईंचं बरोबर आहे. माझा सरळ 'बुक करा'ला पाठिंबा.

शुद्धलेखन_पोलीस
मग सगळी साइटच इंग्रजीत करा!

नांदेडी_कोडर
बटणाचं कोणी बघणार आहे का? तो मजकूर बुकिंग प्लगइनचा आहे, पॉलीलँगच्या नोंदींत मिळणार नाही. भाषांतराची फाइल कुठे ठेवलीत आणि नाव काय दिलंत? वर्डप्रेसमध्ये हिंदीचा कोड 'एचआय_आयएन' आहे, पण मराठीचा नुसता 'एमआर'. हिंदीचं बघून 'एमआर_आयएन' नाव दिलं की फाइल कोणी उघडतच नाही. या एका शेपटीपायी माझे दोन दिवस गेलेत.
शिवाय वर्डप्रेस ६.५ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, '.एमओ' या भाषांतराच्या फाइलीशेजारी '.एल१०एन.पीएचपी' फाइल असेल तर आधी तीच वाचली जाते. जुनी पडून असेल तर नवी एमओ टाकून उपयोग नाही.
आणि फाइल प्लगइनच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवू नका, पुढच्या अपडेटला उडेल. भाषांतराचं लोको ट्रान्सलेट प्लगइन फुकट आहे, त्यात 'कस्टम' जागा निवडा.

सह्याद्री_डिजिटल
ताई, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. नवीन साइट करून देऊ, १८,००० मध्ये, लोगोसकट.

पहाटवारा
कॅशे साफ केलीत का? बहुतेक तेच असेल.

अण्णा_निवृत्त
मी पहिल्यांदा तेच म्हणालो होतो.

वायरमन
अण्णा, तुम्ही ब्राउझरची म्हणालात, ही सर्व्हरवरची.

अण्णा_निवृत्त
कॅशे ती कॅशे.

सुपारीबाग
सर्वांचे आभार. नांदेडी दादा, शेपूटच निघाली. भाच्याने 'एमआर_आयएन' ठेवलं होतं. लोकोत नव्याने केलं, 'खोली राखून ठेवा' दिसतंय. आधीचं 'आरक्षित करा' प्लगइनसोबतच आलेलं होतं म्हणे.
दराचं मात्र वेगळंच ठरलं. 'सगळी पुसा' दाबून पाहिलं, झालंही. पण दर वेळी लक्षात कोण ठेवणार? सासूबाईंनी मराठी मुखपृष्ठावरून दरच काढायला लावले. तिथे आता 'दरासाठी फोन करा' आणि घरचा नंबर. त्या म्हणतात, बोलल्यावर माणूस कळतो.

पाच_भाषा_पक्या
दर न दाखवणाऱ्या जागी मी स्वतः फोन करत नाही. पुढच्या पानावर जातो.

वायरमन
एक बटण दाबायचं होतं हो ताई...

कोकणकडा
इंग्रजीवरूनही काढलेत का दर?

सुपारीबाग
नाही. इंग्रजीत फोन आला तर घ्यायचा कोणी? सासूबाई?